हँडलचा मान

आमच्या वर्कशॉपात गिऱ्हाईक यंत्र घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं. यंत्रं निघून जातात, किस्से साठत राहतात. बायको म्हणते, तुमच्याकडे कामापेक्षा गप्पाच जास्त. खोटं नाही. पण एकदा येऊन बसा, म्हणजे कळेल, की आज आम्ही जे हसत सांगतो ते घडताना आमच्या पोटात कसा गोळा आलेला असतो.

वर्कशॉप नगरात, स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, तोंडात अजून नगरच बसलंय. आम्ही आपोआप वाजणारी वाद्यं बनवतो आणि दुरुस्त करतो. देवळात आरतीला बटण दाबलं की नगारा, घंटा आणि झांजा एकदम वाजायला लागतात ना, ते यंत्र म्हणजे आमचं मुख्य काम. शिवाय चावीचे ग्रामोफोन, तासाला धून वाजवणारी घड्याळं, झाकण उघडलं की किणकिणणाऱ्या पेट्या, असलं काहीही येतं. माणसाने न वाजवता वाजलं पाहिजे, एवढीच अट.

आम्ही तिघं आहोत. मी दिलीप. लाकूडकाम माझं, आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझं, म्हणजे शिव्या खाणं माझं. सलीमभाई मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळतो, आणि मोजकं बोलतो. तिसरा योहानदादा. लेथ, शाफ्ट, दाते, ठोके, सगळं त्याच्याकडे. वयाने आमच्यात मोठा, आवाजाने त्याहून मोठा, आणि स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करायची सवय.

आता गंमत बघा. जिल्हाभरच्या देवळांत मोटारी बसवत हिंडणारा हा माणूस प्रवरेकाठच्या आपल्या गावी, चर्चमध्ये, दर रविवारी हाताने बाजा वाजवायचा. बाजा म्हणजे कोण्या जुन्या साहेबाने आणलेलं कपाटाएवढं यंत्र. हँडल फिरवलं की गीत वाजतं. त्या हँडलचा मान दादाच्या घराण्याचा. आजोबा, मग वडील, मग हा. तो मान त्याच्या घरात राहतो की जातो, यावर सरत्या वर्षात आमची तिघांची झोप अडकली होती. म्हणून या वेळचे किस्से त्या हँडलचेच समजा.

*

सुरुवात मिरजगावच्या पुढे एका गावात झाली. नवं यंत्र बसवलं होतं, पहिलीच आरती, आणि देवळात मुंगी शिरायला जागा नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. आरती सुरू झाली की यंत्र अर्ध्यात बंद करायचं नाही. धूर निघाला तरी नाही. अर्धी आरती म्हणजे गावाला अपशकुन, आणि पुढे कुणाची म्हैस जरी आटली तरी खापर आमच्या डोक्यावर. म्हणून वर्कशॉपात ट्रायलसुद्धा पूर्ण आरतीची घेतो. शेजारच्या ट्यूशन क्लासच्या पोरांना गणित येत नसेल, आरत्या सगळ्या पाठ आहेत.

तर दुसऱ्या कडव्याला नगाऱ्याच्या दांडीचा बोल्ट ढिला झाला. दांडी डुगडुगायला लागली. समोर सरपंच डोळे मिटून उभे. दांडी सुटली असती तर सरळ त्यांच्या कपाळावर. बटणाकडे माझा हात गेला तर दादाने तो खाली ढकलला.

"थांबवायची न्हाई. आरती हाय."

आणि त्याने स्वतःचा हात यंत्रात घातला. दांडी काढून घेतली आणि लागला नगारा बडवायला. लोखंडी आर्म प्रत्येक ठोक्याला त्याच्या कोपरावर आपटत होता. हा दात-ओठ खात वाजवतोय, वर तोंडाने आरती म्हणतोय. गावाला काही पत्ता नाही. आरती संपली, सरपंचांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "व्वा. अगदी माणसाने वाजवल्यासारखं वाटतं."

डोळे न मिटलेला एकच माणूस होता. पायरीवर बसलेला म्हातारा गुरव. आजवर त्या देवळात नगारा तोच वाजवायचा. तो दादाच्या शर्टाकडे बघून म्हणाला, "तुमच्या यंत्राला घाम लई येतो."

आम्ही हसलो. दादाने त्याला तंबाखू दिली, दोघं पायरीवर बसले. मळता मळता गुरव म्हणाला, "आमचा हात सुटला, पाव्हनं. तुमचाबी सुटंल कवातरी."

शाप नव्हता तो. बोलण्याच्या ओघात बोलला. पण परतताना टेम्पोत दादा एक अक्षर बोलला नाही. आणि दादा गप्प बसला की मला पित्त होतं.

*

पुढचा किस्सा खर्ड्याच्या शिंद्यांचा. किराणा दुकान आहे त्यांचं. एका सकाळी ग्रामोफोन मांडीवर घेऊन बाकावर बसले.

"चालत नाही. दुरुस्त करा. पण याची चावी उतरवायची नाही."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. वडिलांनी एका संध्याकाळी चावी भरली, रेकॉर्ड लावली, आणि यंत्र अडकलं. उद्या बघू म्हणाले. तो उद्या त्यांना दिसला नाही. "तेव्हापासून वडिलांच्या हातची चावी आत भरलेली आहे. ती तशीच राहू द्या, बाकी काय करायचं ते करा."

ग्रामोफोनच्या पोटात पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फोडून जाते. शहाणा माणूस आधी चावी उतरवतो, मग स्क्रूला हात लावतो. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर दादाने त्यांना चहा सांगितलासुद्धा.

"बापाची चावी हाय, दिल्या. न्हाई कसं म्हनायचं?"

मग असं ठरलं. सलीमभाईने वरची तबकडी दोन्ही हातांनी गच्च धरायची. ती जागची हलली नाही तर स्प्रिंगही हलणार नाही. दादाने खालून हात घालून वेग आवरणारा भाग काढायचा, वाळलेलं ग्रीस खरवडायचं आणि परत बसवायचा. सलीमभाईचे हात सुटले की दादाची बोटं गेली, एवढं साधं काम.

दादाने भाग काढला, साफ केला, परत बसवला. शेवटचा स्क्रू पिळत होता. स्क्रूड्रायव्हर हातातून पडला. तो उचलायला त्याने हात खाली नेला. हात खाली गेला, पण वर येईना. दादा आपल्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

"दिलीप, मला हे सोडता येत नाही," सलीमभाई म्हणाला. आवाज जराही चढला नाही. "तू त्याला धर."

शिंद्यांनी गाडी काढली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा झटका आहे, वेळेत आणलंत. गावाहून मार्थावहिनी आल्या. दादाची बायको. सदान्‌कदा त्याच्यावर करवादणारी बाई, त्या दिवशी त्याच्या पायाला हात लावून नुसती बसून राहिली. संध्याकाळी दादा जरा शुद्धीत बोलायला लागला तेव्हा मी वर्कशॉप बंद करायला परत आलो.

सलीमभाई तिथेच. तबकडी धरून.

"आधी दादा कसा आहे सांग."

"वाचला. उजव्या हातात जोर नाही."

"बरं. आता तो लाकडाचा तुकडा दे इकडे, खाली अडकवू."

मी म्हटलं, "अरे बाबा, सकाळपासून असाच? लाकूड तर समोर पडलंय."

"घेणार कसं? हात सोडून?"

पुढे तो शेवटचा स्क्रू आम्ही दोघांनी बसवला. दादाला घरी सोडल्यावर शिंद्यांनी ग्रामोफोन त्याच्या खाटेजवळ आणला आणि स्वतःच ब्रेक काढला. वडिलांच्या चावीवर ती रेकॉर्ड वाजली, शेवटी हळू हळू होत थांबली. शिंदे ती रेकॉर्ड रुमालाने पुसत बसले. दादा आपल्या उजव्या हाताची बोटं उघडायचा प्रयत्न करत होता, आणि मला ते बघवेना.

*

डॉक्टरांनी हातावर ताण नको म्हणून सांगितलं होतं. वहिनींनी त्याच दिवशी जाहीर केलं, "आता हँडल बास. देवाला समजतंय."

"देवाला समजतंय," दादा म्हणाला, "पर बाज्याला कुटं समजतंय?"

बाज्याची गंमत अशी. आत एक लाकडी रूळ आहे, त्यावर बारीक खिळे ठोकलेत. हँडल फिरवलं की रूळ फिरतो आणि भाता हलतो. एकेक खिळा एकेक पट्टी उचलतो, हवा नळीत शिरते, सूर निघतो. गीत खिळ्यांत आहे, ते कुणीही फिरवलं तरी तेच. वेग मात्र हातात. आणि सगळी मंडळी त्या हाताबरोबर गातात. लग्नात कसं फिरवायचं, मयताला कसं, हे दादाच्या घरातलं काम. तिसऱ्या कडव्याला हात जरा सैल सोडायचा, म्हणजे म्हाताऱ्या बायांना दम घेता येतो, हे आजोबांपासून चालत आलेलं. लग्न असलं की नवरीकडची माणसं हँडलला नवा रुमाल बांधतात आणि फिरवणाऱ्याच्या डोक्यावर टोपी घालतात. आपल्याकडे जत्रेत पहिल्या काठीचा मान असतो, तसलाच प्रकार.

तर दादा बरा होतोय न होतोय तोच गावातली सारूबाई वारली. वहिनी नको नको म्हणत असताना हा बाज्यामागे जाऊन बसला. मीही मयताला गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी बघितलं.

पहिलं कडवं नीट झालं. शवपेटी उचलली. दुसऱ्या कडव्याच्या मधेच सूर लांबायला लागला, रेंगाळला आणि बंद पडला. उजव्या हाताने दगा दिला होता. मंडळींची तोंडं उघडीच. खांदेकऱ्यांचा एक पाय उचललेला, ठेवावा की नाही कळेना. उपासना चालवणारे पाळकसाहेब पुस्तकात बघतायत. मनात म्हटलं, दादा, काहीतरी कर रे.

दादाने केलं. डावा हात घातला आणि हँडल ओढलं. घाबरलेल्या माणसाचा डावा हात त्याला सोपं पडतं तिकडे ओढतो. हँडल उलटं फिरलं, रूळ उलटा फिरला, आणि गीत शेवटाकडून सुरुवातीकडे वाजायला लागलं. सूर सगळे ओळखीचे, पण गाणं भलतंच. एक-दोघांनी त्याच्याबरोबर गायचा प्रयत्नही केला.

तेव्हा सारूबाईचा थोरला भाऊ, नव्वदीकडे झुकलेला माणूस, पहिल्या बाकावरून म्हणाला, "योहान, सरळ फिरीव बाबा. सारू उठून बसंल."

चर्चमध्ये कुणी हसलं नाही. स्मशानात सगळे पदर आणि रुमाल तोंडाला लावून उभे होते, आणि त्यातले निम्मे रडत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. दादा बाज्यामागून बाहेर आलाच नाही. सगळे गेल्यावर मी आत गेलो तर तो हँडलला टेकून रडत होता. मलाही भडभडून आलं. वहिनी शेजारी उभ्या होत्या, हँडलकडे बघत.

*

मग एक दिवस वर्कशॉपात चर्चची कमिटी आली. पुढे सॅम्युअल सर. दादाचे लहानपणापासूनचे दोस्त. माणूस चांगला, म्हणून तर जास्त अवघड.

दादा त्या वेळी लेथवर होता, डाव्या हाताने जमेल तेवढं करत. सरांनी मला बाजूला घेतलं, पण आमचं वर्कशॉप ते केवढं. बाजूला म्हणजे दादापासून दोन पावलांवर.

"बाज्याला मोटर बसवायची," सर म्हणाले. "नाताळच्या आत."

लेथ बंद झाला. सलीमभाईने हातातली तार खाली ठेवली. मी म्हटलं, "सर, गावात दुसरं कुणी..."

"दुसऱ्या घराला मान दिला तर तिसरं घर रुसतं. आत्ताच दोन घरांनी आपापले हात दाखवायला सुरुवात केलीय. योहानचा पोरगा पुण्यात कंपनीत, त्याला रविवारीही शिफ्ट. मग मोटरच बरी. मोटरीला घराणं नसतं."

बरोबर होतं हो. त्यातलं एक वाक्य चूक होतं असं मला दाखवता आलं असतं तर मी दाखवलं असतं. मी दादाकडे बघायचं टाळत होतो. तो हात पुसत पुढे आला आणि कुठल्याही देवळातल्या ट्रस्टींना विचारतो त्याच आवाजात विचारायला लागला.

"लाईन कुठून घेनार? वेग किती पायजे? लग्नाला येगळा, मयताला येगळा?"

"एकच ठेव, योहान."

"एकच." दादाने मान हलवली. "आन् बसवायला कोन येनार?"

सर खाली बघत म्हणाले, "तुझ्या हातचं मशीन असावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे."

"व्हय का," दादा म्हणाला. "मंग हात पाटवून देतो. चालंल?"

सर उठले. चहाही न घेता गेले. वहिनींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. सुटलात." आणि आठवडाभर दादाच्या डब्यात भाजी खारट आली. वहिनींचं मीठ कधी चुकत नाही, म्हणून सांगतो.

*

मोटर बनवली. दादानेच बनवली, आणि आमचं डोकं खाल्लं. सलीमभाईने ती तीनदा भरली. दादा कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "न्हाई."

"काय नाही, ते तरी सांग," मी वैतागून विचारलं.

"तिसऱ्या कडव्याला हळू हुत न्हाई."

"अरे, मोटरीला काय माहीत तिसरं कडवं कुठलं?"

"त्येच तर," दादा म्हणाला. "मोटरीला म्हाताऱ्या दिसत न्हाईत."

माझा जीव त्याच्यासाठी तुटत होता, म्हणून मी एक आगाऊपणा केला. सॅम्युअल सरांना फोन लावला आणि सांगितलं, मोटर जमत नाहीये, नाताळ जाऊ द्या, दादाचा हातही सुधारतोय. सर भला माणूस, त्यांनी लगेच दादाला फोन केला, हात सुधारला म्हणून अभिनंदन करायला.

दादाने फोन खाली ठेवला. त्याला एवढा संतापलेला मी कधी बघितला नव्हता. आवाज मात्र बारीक झाला होता.

"माज्यासाटी भीक मागतोस? मिरजगावच्या गुरवासाटी कुनी मागितली हुती? तू मागितली हुतीस? तवा आपुन बटन दाबून आलो का न्हाई?"

मी टेबलावरचा भुसा झटकत राहिलो. तो पुढे म्हणाला, "रविवारी बसवायची. बटन तू दाबायचं. मी बाकावर बसनार." आणि हातोडी जागेवर ठेवून घरी गेला.

मी सलीमभाईकडे बघितलं. म्हटलं, "आता काय करायचं?"

"मोटर चांगली भरली आहे मी," सलीमभाई म्हणाला. "तेच चुकलं."

*

आता नाताळच्या आधीचा तो रविवार. हा किस्सा मी अजून कुणाला नीट सांगितलेला नाही, म्हणून मधे बोलू नका.

बाजा वेदीच्या उजवीकडे कोपऱ्यात उभा आहे. हँडल भिंतीच्या बाजूला, त्यामुळे फिरवणारा स्टुलावर बसला की समोरून दिसत नाही. हँडल आम्ही काढलं नव्हतं, नुसता मोटरीचा पट्टा चढवला होता. मोटरीसाठी वेगळा बोर्ड लावला होता, बाजूच्या दारापाशी. तिथे मी. सकाळी मंडळी यायच्या आधी बटण दाबून बघितलं, एक कडवं वाजलं, बंद केलं. सगळं ठणठणीत. मग बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं.

परत आलो तेव्हा चर्च भरलं होतं. दादा पहिल्या बाकावर, नव्या शर्टात, दोन्ही हात गुडघ्यांवर. हँडल हातात आल्यापासून त्याने वाजणारा बाजा समोरून बघितला नव्हता. लोक त्याच्याकडे बघत नव्हते, म्हणजे सगळे त्याच्याकडेच बघत होते. सॅम्युअल सरांनी चार शब्द सांगितले, योहानच्या घराण्याचे आभार मानले. दादाने मान वर केली नाही. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला, मंडळी उभी राहिली, आणि साहेबांनी मला खूण केली.

मी बटण दाबलं. काही नाही.

परत दाबलं. काही नाही.

पाचावर धारण बसणं म्हणतात ते काय असतं, मला त्या क्षणी कळलं. डोक्यावर पंखे फिरत होते, माईक चालू होता, म्हणजे लाईट होती. मी बोर्डातला फ्यूज ओढून काढला. आत तार नाही. जळलेली नाही, तुटलेली नाही, नाहीच. सकाळी होती. सगळं चर्च श्वास रोखून उभं. सारूबाईचा तो थोरला भाऊ घसा खाकरत होता, आता काय बोलतोय देव जाणे. मला दादाच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना. त्याच्या हातचं मशीन, सगळ्या गावासमोर, पहिल्याच दिवशी बंद. मी मोकळा फ्यूज मुठीत धरून भिंतीला टेकलो.

आणि बाजा वाजायला लागला.

मी मुठीकडे बघितलं. फ्यूज मुठीतच. बोर्डाकडे बघितलं. बोर्ड मेलेला. पहिला विचार दादाचा आला, म्हणून बाकाकडे बघितलं. तर दादा जागेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे.

मंडळी गायला लागली. पहिलं कडवं जरा अडखळत गेलं. दुसरं पळायला लागलं, बायकांची गाताना दमछाक झाली. तिसरं सुरू झालं आणि वेग सैल पडला. हळूच, कुणाला कळेल न कळेल असा. पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी दम घेतला आणि पुढची ओळ उचलली. दादाने तेव्हा मान वर केली. आधी बाज्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. मी मूठ उघडून त्याला फ्यूज दाखवला. त्याने बायकांच्या बाजूला नजर टाकली. पहिल्या बाकावर, बाज्याच्या अगदी कडेला, एक जागा मोकळी होती.

गीत संपेपर्यंत दादाच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर गोल गोल फिरत होती.

उपासना सुटल्यावर लोकांनी मला घेरलं. मोटर एक नंबर म्हणाले. सॅम्युअल सरांनी पाठीवर थाप मारली. "दिलीपराव, मानलं. तिसऱ्या कडव्याला हळूसुद्धा होते की." मी हसलो, दुसरं काय करणार? दादा उठून बाज्याकडे निघाला, तसा मी लोकांमधून वाट काढत त्याच्या मागे गेलो.

बाज्यामागे मोटरीचा पट्टा खाली फरशीवर पडला होता. स्टुलावर मार्थावहिनी बसल्या होत्या. गळ्याचा घाम पदराने पुसत होत्या आणि दम खात होत्या. मला बघून त्यांनी पदराची गाठ सोडली, फ्यूजची तार काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ही तुमची तार, भावजी. बसवा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

दादा पट्ट्याकडे बघत होता, मग हँडलकडे, मग वहिनींच्या हाताकडे. तळवा लाल झाला होता. बाहेर सरांचा आवाज ऐकू येत होता, ते मोटरीचं कौतुक कुणाला तरी सांगत होते.

शेवटी दादा बोलला.

"दुसऱ्या कडव्याला घाई केलीस."